साठ हजारांत बसवलेला आय-थ्री

गेमिंगच्या कॉम्प्युटरला इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर घेतला असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग सल्ला देतो. मला दोन्हीची सवय झाली आहे. भाच्यासाठी २०२३ साली तो घेतला, आम्ही दोघांनी मिळून बसवला आणि तो आजही त्याच्या टेबलावर चालतो. काय काय नाकारत त्याच्यापर्यंत आलो ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण तेव्हा आमच्या घरात जे वाद झाले तेच आता ओळखीच्या घरांतून ऐकू येतात. फक्त मॉडेलचे नंबर बदललेत.

सोहम माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, चिपळूणचा. बारावी आणि सीईटी आटोपून मे महिन्याच्या शेवटी तो डोंबिवलीला आमच्याकडे आला तो याच कामासाठी. आजोबांनी दिलेले, वाढदिवसांचे साठवलेले आणि ताईने नाइलाजाने घातलेले असे मिळून साठ हजार रुपये त्याच्याकडे होते. ताईचा रोज फोन. "साठ हजारांत फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येतं गं," ती म्हणायची. "इंजिनिअरिंगला लागणारच आहे ना," मी म्हणायचे. मग ती गप्प बसायची, पटलं म्हणून नव्हे.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते, त्यामुळे मला या विषयातलं कसं कळतं असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. १९९९ साली मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाबांनी घरात कॉम्प्युटर घ्यायचं कबूल केलं, पण कंपनीचं मशीन परवडणारं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड आणायचा हा तेव्हाच्या मध्यमवर्गाचा ठरलेला मार्ग. आमच्या मशीनमध्ये प्रोसेसर आला तो सेलेरॉन ३००ए. त्याच्या आधीची गोष्ट मजेशीर आहे. इंटेलने १९९८च्या एप्रिलमध्ये पहिला सेलेरॉन काढला तेव्हा तो स्वस्त व्हावा म्हणून त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश मेमरीच काढून टाकली होती. तो इतका मंद निघाला की त्याची सगळीकडे टर उडाली. मग ऑगस्टमध्ये ३००ए आला. त्यात कॅश होती १२८ किलोबाइट, पण ती प्रोसेसरच्याच चिपवर आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम टूमध्ये ५१२ किलोबाइट, पण अर्ध्या वेगाने. फिटिंग करणाऱ्या मुलाने बोर्डाचा बसवेग ६६ वरून १०० वर नेला आणि ३००चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळू लागला. सगळेच असे पळत नसत, आमचा पळाला. त्या मशीनवर मी आणि माझ्या मामेभावांनी 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये किती राज्यं बुडवली त्याला गणती नाही.

तेव्हापासून स्वस्त प्रोसेसर समोर आला की मी एकच बघते, की याच्यात कात्री कुठे लावली आहे. स्वस्त प्रोसेसर म्हणजे काहीतरी कापलेला प्रोसेसर, यात लपवण्यासारखं काही नाही. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात, त्यातल्या काहींत एखादा भाग सदोष निघतो. तो भाग बंद करून उरलेली चिप खालच्या नावाने विकतात. एएमडीच्या सहा कोअरच्या रायझन ५ ५६००मध्ये चिप आठ कोअरचीच असते, दोन बंद केलेले असतात. आपल्याकडे आंब्याची पेटी भरताना आकारावरून प्रतवारी करतात तसंच हे. लहान फळ वेगळ्या पेटीत जातं म्हणून ते आंबट असतं असं नाही. कधी कधी तर चांगले कोअरही बंद करून विकतात, कारण बाजारात मागणी खालच्या मालाची असते. प्रश्न एवढाच उरतो की जे कापलंय ते आपल्याला लागणार होतं का.

सोहमने चिपळूणहून यादी करूनच आणली होती. इंटेल कोअर आय-५ १२४००एफ, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, पाचशे जीबीची एसएसडी, काचेचं कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०. शिवाय मॉनिटर. बेरीज साठ हजारांत जेमतेम बसत होती. मी बँकेतल्या सवयीने प्रत्येक रकमेपुढे टक्के मांडले. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून पंचवीस हजार, कार्ड तेरा हजारांचं. गेम खेळायच्या मशीनमध्ये हे प्रमाण उलटं पाहिजे, असं मी म्हटलं. "पण मावशी, आय-फाइव्ह हवाच ना. कार्ड नंतर बदलता येतं," तो म्हणाला. हे 'नंतर' कर्जाच्या अर्जांवर मी रोज वाचते.

वाद तोंडी मिटेना म्हणून माझ्या मुलीचा लॅपटॉप काढला. त्यात योगायोगाने १६५० कार्डच होतं. खेळ चालू असताना प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात कामाची वाटणी असते. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कशी घसरली, रस्त्यावरची माणसं कुठे वळली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि चित्र काढायचा हुकूम कार्डाला देतो. रंगवायचं काम कार्डाचं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर सातच्याही आत. दोघांतला जो मागे पडतो त्याच्या वेगाने खेळ चालतो आणि दुसरा नुसता वाट बघत बसतो. कोण मागे पडतोय हे ओळखायची युक्ती सोपी आहे. चित्राचं रिझोल्यूशन कमी करायचं. त्याने रंगवायचे ठिपके कमी होतात, म्हणजे कार्डाचा भार उतरतो, प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळपास तेवढाच राहतो.

सोहमने 'सायबरपंक २०७७' लावला. १०८० वर चित्र अडखळत होतं. ७२० वर आणल्याबरोबर फ्रेमचा आकडा उडी मारून वर गेला. म्हणजे कार्ड दमत होतं, प्रोसेसर नव्हे. मग 'व्हॅलोरंट' लावला. तिथे रिझोल्यूशन खाली आणूनही आकडा फारसा हलला नाही. हा खेळ कार्डाला हलका आणि प्रोसेसरवर अवलंबून, पण आकडा मुळातच शंभराच्या बराच वर होता. "तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा घेणार?" मी विचारलं. "पंचाहत्तर." "मग सेकंदाला पंचाहत्तरच्या वर चित्रं तुला दिसणार कशी?" यावर त्याने फ्रेम जास्त असल्या की बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होतो असा मुद्दा काढला. तो खरा आहे, मी मान्य केला. पण तेवढ्यासाठी दहा हजार रुपये मोजावेत असा तो नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. चिपळूणला मित्रांबरोबर रात्री खेळणाऱ्याचं वेगळं.

यादी उलटी केली. कार्ड ठरलं आरएक्स ६६००, आठ जीबीचं, तेव्हा साधारण बावीस-तेवीस हजारांना मिळत होतं. १६५०च्या जवळपास दुप्पट काम करणारं. २०२१मध्ये क्रिप्टोच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव अक्षरशः दुपटीला गेले होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने खाणकामाची पद्धतच बंद केली तेव्हा कुठे कार्डं माणसात आली, आणि सोहमसारख्यांची सोय झाली. कार्ड ठरल्यावर प्रोसेसर आणि बोर्ड यांना मिळून पंधरा हजार उरले. आता खरी निवड सुरू झाली.

पंधरा हजारांत तीन रस्ते दिसत होते.

पहिला रायझन ५ ५६००जी. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. कार्डांचे भाव चढलेले असताना हा फार उपयोगी पडला. आधी याच्यावर भागवा, कार्ड पुढे घ्या, असं सांगून तो हजारोंनी खपला असेल. पण त्यात तिसऱ्या पातळीची कॅश १६ एमबी आहे, साध्या ५६००मध्ये ३२ एमबी. गेमला ही कॅश फार लागते, कारण खेळातली माहिती सारखी रॅममधून ओढून आणण्यात वेळ जातो. शिवाय कार्डाशी बोलायची त्याची पीसीआय एक्सप्रेसची वाट जुन्या तिसऱ्या पिढीची. आम्ही कार्ड घेणारच होतो, म्हणजे पोटातल्या ग्राफिक्सचे पैसे देऊन ते बंद ठेवायचं. सोडला.

दुसरा रायझन ५ ५५००. नाव वाचून वाटतं ५६००चा धाकटा भाऊ, पण तो खरं म्हणजे ५६००जीच आहे, ग्राफिक्स बंद केलेला. कॅश तीच १६, वाट तीच तिसऱ्या पिढीची. सहा कोअर, बारा थ्रेड, किंमत नऊ हजारांच्या आसपास. हा प्रोसेसर मी बराच वेळ धरून ठेवला होता. सहा कोअर हा आकडा मनाला धीर देतो. पण आरएक्स ६६०० कार्ड सोळाऐवजी आठच लेनवर चालतं. वाट जुनी आणि लेनही निम्म्या, असं दोन्हीकडून अडवणं मला नको होतं. नुकसान थोडंच झालं असतं, हेही सांगायला हवं. खरा मुद्दा एकेका कोअरच्या ताकदीचा होता.

तिसरा कोअर आय-३ १२१००एफ, जानेवारी २०२२मध्ये आलेला. चार कोअर, आठ थ्रेड, १२ एमबी कॅश, वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत. भाव साडेआठ हजार. इथे कात्री कोअरच्या संख्येवर आणि पोटातल्या ग्राफिक्सवर लागली आहे. एफ अक्षर म्हणजे ग्राफिक्स नाही. पण जे चार कोअर आहेत ते आय-५ १२४००मध्ये आहेत त्याच घडणीचे, आणि स्वस्त बोर्डावरही वाट चौथ्या पिढीची. त्या काळातल्या बऱ्याच खेळांत हा चार कोअरचा गडी सहा कोअरच्या ५५००ला मागे टाकत होता. एकेका कोअरची ताकद गेमला किती लागते ते यावरून कळतं. वीजही कमी खातो. त्याची मूळ मर्यादा ५८ वॅट आणि जोरात असताना ८९, त्यामुळे साधा एच६१० बोर्ड त्याला पुरतो.

हा बोर्डाचा हिशेब लोक करत नाहीत. प्रोसेसरची किंमत एकट्याची कधीच नसते. महाग प्रोसेसर घेतला की दुकानदार त्याला शोभेलसा बोर्ड दाखवतो, मग बोर्डाला शोभेलशी रॅम. एच६१०वर रॅमच्या दोनच खाचा असतात आणि रॅम ठरलेल्या ३२०० वेगापुढे जात नाही. आम्हाला दोन खाचांत आठ-आठ जीबीच घालायची होती. बाकी बोर्डावरच्या दिव्यांचे पैसे वाचले.

"आय-फाइव्ह आणि एच६१० असं घेतलं तर?" सोहमने शेवटचा प्रयत्न केला. प्रश्न चांगला होता. तो फरक सहा हजारांचा, आणि सहा हजार कार्डातून काढायचे तर मधल्या भावात धड कार्ड नव्हतं. थेट चार जीबीच्या कार्डांवर उतरावं लागत होतं. आणि आय-थ्रीचं सॉकेट एलजीए १७०० तेच, ज्यात बारावी, तेरावी, चौदावी पिढी बसते. उद्या चार कोअर कमी पडले तर त्याच बोर्डात आय-फाइव्ह बसेल. त्याने यादीचा कागद खिशात घातला. "पण मावशी, ग्रुपवर आय-थ्री सांगितलं की पोरं हसणार गं." त्याला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलं तर टॅक्सीवालाही क्षणभर विचारात पडतो. १९९९च्या मानाने रस्ता उजळला आहे, म्हणजे अक्षरशः, कारण प्रत्येक काचेमागे रंगीत पंखे फिरत असतात. पहिल्याच दुकानात माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पंख्याखाली बसा," आणि सोहमशी बोलायला लागला. मी बसले. बसल्या बसल्या नीट ऐकू येतं.

त्याने सोहमला 'आय-सेव्हन गेमिंग पीसी' दाखवला, ग्राफिक्स कार्डासकट वीस हजारांत. दिवे भरपूर. मी विचारलं, आय-सेव्हन कितव्या पिढीचा? तेव्हा कळलं, तिसऱ्या. म्हणजे २०१२चा आय-७ ३७७०, ऑफिसांतून निघालेला, नव्याने आलेल्या स्वस्त बोर्डावर बसवलेला, सोबत जुनी डीडीआर३ रॅम. असे हजारो कॉम्प्युटर आपल्याकडे विकले जातात आणि घेणारे आईबाप सात हा आकडा बघून समाधानाने घरी नेतात. त्या आय-सेव्हनमध्येही चारच कोअर आणि आठच थ्रेड असतात. आमच्या आय-थ्रीत तेवढेच, फक्त दहा वर्षांनी पुढचे आणि एकेक कोअर कितीतरी वेगवान. विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालतही नाही. तीन, पाच, सात हे आकडे एकाच पिढीत तुलना करायला ठीक आहेत. त्याच्या पुढचा आकडा आधी वाचायचा असतो.

खरं तर आय-थ्रीची बदनामी जुन्या काळातली आहे, आणि तेव्हा ती योग्यही होती. २०१७च्या सुरुवातीपर्यंत डेस्कटॉपच्या आय-थ्रीत दोनच कोअर असत. चार कोअर, आठ थ्रेड हवे तर आय-७ ७७०० घ्यावा लागे. त्या मार्चमध्ये एएमडीने रायझन आणला, आठ कोअर बाजारात टाकले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलच्या आय-थ्रीत चार कोअर आले. इतकी वर्षं न सुचलेलं एकदम कसं सुचलं, ते बाजारच जाणे. ग्राहकाला दोन कंपन्या असण्याचा याहून सरळ फायदा मी पाहिलेला नाही.

पुढच्या दुकानांतून तीच चौकशी. भाव सगळे 'विदाउट जीएसटी' सांगतात. आकडा कानाला गोड लागतो, मग अठरा टक्के चढतात. एकाने आय-थ्रीचा ट्रे पीस सातशे रुपयांनी स्वस्त देऊ केला. ट्रे पीस म्हणजे बॉक्स नाही, कूलर नाही आणि कंपनीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीऐवजी दुकानदाराचा शब्द. कूलर वेगळा घेतला की सातशे संपतात. दुसऱ्याकडे रायझन ५ ५६०० चांगल्या भावात होता, तेरा हजारांच्या आतबाहेर. त्या क्षणी माझाही हात थबकला. सहा कोअर, पूर्ण ३२ एमबी कॅश, चौथ्या पिढीची वाट, कात्री जवळजवळ कुठेच नाही. सोबतचा बी४५० बोर्ड मात्र जुन्या साठ्यातला. या बोर्डांचं बायोस अद्ययावत नसेल तर ५००० मालिकेचा प्रोसेसर त्यावर चालूच होत नाही, स्क्रीन काळी राहते. "बायोस इथेच मारून देतो," तो म्हणाला, आणि ते तो करूनही देणार होता. पण बेरीज चार-साडेचार हजारांनी वर जात होती आणि कार्ड हलवायचं नाही हे ठरलं होतं. बजेट पासष्ट असतं तर मी डोळे मिटून ५६०० घेतला असता. हे मी आजही म्हणते.

शेवटी सगळा माल एकाच दुकानातून घेतला, पक्कं बिल, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर. रॅम तो सोळा जीबीची एकच पट्टी देत होता, ती बदलून आठच्या दोन घेतल्या. दोन पट्ट्या दोन खाचांत असल्या की मेमरीला दोन वाटा मिळतात आणि त्याचा फरक गेममध्ये दिसतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, नाकारला. साडेपाचशे वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा वेगळा घेतला. इथे कात्री लावू नये, तो गेला तर इतरांना घेऊन जातो. दुकानदाराला त्याचा राग आला नाही, उलट चहा सांगितला. बेरीज साठच्या आत राहिली, उरलेल्यातून गाडीत सोहमने माझ्यासाठी चिक्की घेतली.

बसवायचं काम दिवाणखान्यात चटई टाकून केलं. रायझनच्या त्या काळच्या एएम४ प्रोसेसरला खाली पिना असतात, इंटेलच्या प्रोसेसरला नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटात असतात. केसासारख्या बारीक. तिथे बोट लागलं तर बोर्ड कामातून गेला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून सोहमने प्रोसेसर अलगद ठेवला आणि दांडी दाबली. दांडी दाबताना करकर असा आवाज येतो आणि वरचं प्लास्टिकचं झाकण उडतं. तो इतका घाबरला की दांडी सोडून माझ्याकडे बघत बसला. हा आवाज होतोच. प्रोसेसरबरोबर आलेल्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या. चारही खुंट्या बोर्डाखालून डोकावतात का ते बघायचं. पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, वरून आणखी थापायची गरज नाही.

चालू केलं तर स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, चित्र नाही. सोहमचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझी मुलगी मागून आली, केबल बघितली आणि हसायला लागली. त्याने एचडीएमआय बोर्डाच्या पोर्टात लावली होती. एफच्या प्रोसेसरला पोटात ग्राफिक्सच नाही, तर बोर्डातून चित्र येणार कुठून? केबल खाली कार्डात लावली आणि आलं. "रेवाताई, कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. तिने संध्याकाळच्या आत चिपळूणला फोन केला.

पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. 'जीटीए फाइव्ह', 'व्हॅलोरंट', 'रेड डेड रिडेम्प्शन २', सगळं १०८० वर पंचाहत्तरच्या पडद्याला पुरेसं. 'सायबरपंक' मोठ्या सेटिंगवर साठच्या वर चालायचा आणि हसणारी पोरं आय-फाइव्ह आणि १६५० घेऊन त्याच खेळात सेटिंग उतरवत बसायची. ही माहिती मला सोहमने आपणहून पुरवली.

मग सप्टेंबर २०२३मध्ये 'सायबरपंक'चं २.० आलं. प्रोसेसरवरचा भार वाढेल, आपापलं कूलिंग तपासून घ्या, असं बनवणाऱ्यांनीच आधी सांगितलं होतं. बाजाराच्या गर्दीत शिरलं की सोहमच्या मशीनवर आकडा पन्नासच्या खाली येऊ लागला आणि मधूनच झटका बसायचा. सरासरी ठीक, पण झटका डोळ्याला टोचतो. चार कोअरची मर्यादा ती हीच. खेळ एकीकडे, मागे मित्रांशी बोलायचं ॲप, ब्राउझर, रेकॉर्डिंग, असं सगळं उघडं ठेवलं की आठ थ्रेड भरून जातात. त्याने गेममधली गर्दीची घनता मधल्या पायरीवर आणली, मागची खिडक्यांची जत्रा बंद केली आणि झटके बरेच गेले. पुढे आणखी काही नव्या खेळांत हेच झालं. ज्याला खेळता खेळता थेट प्रसारण करायचं आहे किंवा व्हिडिओ संपादन शिकायचं आहे, त्याला मी चार कोअर घे असं आज सांगणार नाही. खरं तर नवा घेणाऱ्या कुणालाच आज सांगणार नाही. सहा कोअर आता तळाची पायरी झाली आहे.

तरीही सोहमने तो बदललेला नाही. गेल्या सुट्टीत आला होता तेव्हा मी विचारलं, वापरलेला १२४००एफ आता बराच उतरला आहे, टाकायचा का? बोर्ड तोच, फक्त प्रोसेसर बदलायचा. त्याने विचार केला आणि म्हणाला, "आधी मॉनिटर बदलू का मावशी? एकशे चव्वेचाळीसचा?" मॉनिटर बदलला की प्रोसेसर बदलावा लागणार, हे त्याला माहीत आहे. म्हणूनच अजून दोन्ही बदललेलं नाही.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं. नवा एएम५ सॉकेटचा रायझन घ्यायचा तर डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. घरात जुन्या मशीनची चांगली डीडीआर४ पडली असेल तर ती भंगारात देऊ नका. रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ यांना ती चालते, इंटेलच्या बाबतीत फक्त डीडीआर४चा बोर्ड बघून घ्यावा लागतो. दुकानात शिरायच्या आधी मुलाला दोनच गोष्टी विचारा, कोणता खेळ आणि कोणता पडदा. मग कार्डाचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यात प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र बसवा. बॉक्स पीस घ्या, नंबर बिलावर चढवून घ्या. आणि लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.